लग्नाची कॅसेट: डीव्हीडी रेकॉर्डर की कॉम्प्युटर?

नौपाड्यातल्या आमच्या घरी ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट होती. ती डीव्हीडीवर घेताना मी दोन्ही प्रकार करून पाहिले.

रेकॉर्डर सोपा. व्हीसीआरची पिवळी-पांढरी-लाल वायर जोडायची, कॅसेट लावायची, रेकॉर्ड दाबायचं. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. पण ४.७ जीबीच्या डिस्कवर बऱ्या दर्जात दोनच तास मावतात. जास्त कोंबलं की अक्षता पडताना चित्राचे नुसते चौकोन होतात. शेवटी डिस्क फायनलाइझ करायला, म्हणजे रेकॉर्डिंग पूर्ण करून ती इतर प्लेअरवर चालेल अशी करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर डिस्क बहुधा चालणार नाही.

कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड) लावून कॉम्प्युटरवर घ्यायलाही तेवढाच वेळ जातो, वर एडिटिंगचा वेगळा. पण हललेले, बिघडलेले तुकडे कापता येतात आणि मूळ फाइल हार्ड डिस्कवर राहते. पाठवणीच्या वेळी आजी पदराने डोळे पुसते, तो क्षण मला तिथेच नीट जपता आला. म्हणून माझं मत कॉम्प्युटरला. टीव्हीवरचा चालू कार्यक्रम घ्यायचा असेल तर मात्र रेकॉर्डरच बरा.

आणि हो, ठाण्याच्या पावसाळ्यात कॅसेटला पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर साफ केल्याशिवाय कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, व्हीसीआरचं हेडही (टेप वाचणारा भाग) खराब होतं.