‘काउच टू फाइव्ह के’: सकाळी धावू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कितपत उपयोगी?

पहिल्या सकाळी दम लागेपर्यंत धावायचे, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरल्या म्हणून विश्रांती घ्यायची आणि तिसऱ्या दिवशी गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढायचे, हा क्रम बहुतेक वसतिगृहांच्या परिचयाचा आहे. ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारी, ही नऊ आठवड्यांची योजना नेमका तोच मोडण्यासाठी आखलेली आहे. जोश क्लार्क यांनी १९९६ मध्ये, पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईला व्यायामाची सवय लागावी म्हणून ती तयार केली; पुढे ती इंटरनेटवरून जगभर पसरली आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने तिचे मोफत अ‍ॅपही काढले. मी ती विद्यार्थिदशेत, सकाळच्या पहिल्या तासिकेच्या आधी वापरली असल्यामुळे हे परीक्षण त्याच अंगाने केले आहे.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे झपझप चालल्यावर ६० सेकंद धावायचे आणि ९० सेकंद चालायचे, असे आठ फेरे होतात. कागदावर हे पोरखेळ वाटावे इतके सोपे दिसते, आणि तरुण विद्यार्थी फसतो तो इथेच. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तो सुसाट सुटतो. सहाव्या फेरीपर्यंत खांदे कानांपर्यंत चढलेले असतात, मुठी आवळलेल्या असतात आणि अ‍ॅपची ‘आता चाला’ ही सूचना मुद्दाम उशिरा येते आहे की काय, अशी शंका येऊ लागते. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने धावले, तर तोच आठवडा निभावतो. सूचना देणाऱ्या आवाजांमध्ये मायकेल जॉन्सन यांच्या आवाजाचाही पर्याय देण्यात आला होता, याची मला गंमत वाटते. ही योजना जन्मली त्याच १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये २०० आणि ४०० मीटरची सुवर्णपदके जिंकणाऱ्या माणसाने आपल्याला सावकाश धावायला सांगावे, हे काही रोज घडत नाही.

विद्यार्थ्याचा खरा खटका उडतो तो मात्र ‘रोज’ या कल्पनेवरून. त्याला रोज धावायचे असते, तर योजना आठवड्यातून तीनच दिवस धावू देते आणि दोन धावांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवायला सांगते. याबाबतीत माझे मत पूर्णपणे योजनेच्या बाजूचे आहे. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांतच नव्या श्रमाला सरावतात, परंतु हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना त्याहून बराच अधिक वेळ लागतो. त्यामुळे दम पुरतो आहे म्हणून रोज धावणाऱ्या नवशिक्याची नडगी आतल्या बाजूने दुखू लागते आणि ते दुखणे महिनाभरही रेंगाळू शकते. योजनेत उणीव आहे ती मोकळ्या दिवसांबद्दल ती फारसे बोलत नाही, ही. सकाळी उठण्याची सवय एक दिवसाआड लागत नसते. गजर रोज एकाच वेळी ठेवून मोकळ्या दिवशी त्याच रस्त्यावर अर्धा तास चालून यावे, ही माझी त्यावरची दुरुस्ती आहे. अर्थात रात्री दोनपर्यंत जागून पहाटे पाचला उठणार असाल, तर कोणतीही योजना कामाची नाही. विशी-बाविशीपर्यंत शरीराचे घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेले असते, म्हणून आधी निजण्याची वेळ मागे आणावी आणि मग बुटांच्या नाड्या बांधाव्यात.

पाचवा आठवडा ही या योजनेची सर्वांत चर्चिली जाणारी जागा आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांच्या दोन धावा, मध्ये पाच मिनिटे चालणे, आणि लगेच तिसऱ्या दिवशी न थांबता सलग २० मिनिटे धावणे! ही उडी वाटते तितकी अवघड नाही, कारण तोवर पाय तयार झालेले असतात आणि अडून बसते ते मन. तरीही आधीचे सत्र ओढूनताणून पुरे केले असेल, तर आठवडा पुन्हा करावा. परीक्षा किंवा सबमिशनमुळे दोन आठवडे खंड पडला, तरी हाच मार्ग घ्यावा आणि एक-दोन आठवडे मागून सुरुवात करावी.

योजनेच्या नावाने मात्र थोडी दिशाभूल होते. शेवटच्या आठवड्यात सलग ३० मिनिटे धावायचे असते, आणि तेवढ्या वेळात पाच किलोमीटर व्हायचे, तर प्रत्येक किलोमीटर सहा मिनिटांत संपवावा लागेल. नवशिका किलोमीटरला साडेसात-आठ मिनिटे घेतो, म्हणजे त्याचे अंतर चार किलोमीटरच्या आसपास थांबते. नऊ आठवडे नेटाने पुरे करणाऱ्याला शेवटी आपण नापास झालो असे वाटावे, हे बरोबर नाही. त्याने नावाकडे दुर्लक्ष करून मिनिटेच मोजावीत.

ज्याला मैदानी चाचणीसाठी ठरावीक अंतर ठरावीक वेळेत कापायचे आहे, त्याच्यासाठी ही योजना अपुरी आहे, कारण वेग वाढवण्याचा सराव तिच्यात जवळजवळ नाहीच. ज्याला शाळेनंतर कधी पळावेच लागले नाही, त्याला मात्र मी ती निःशंकपणे सुचवीन. फक्त अंधारात निघताना इअरफोन एकाच कानात घालावा, कारण ‘धावा’ ही सूचना ऐकू येणे जितके आवश्यक आहे, त्याहून मागून येणारे वाहन ऐकू येणे अधिक आवश्यक आहे.