रणथंभोरच्या सफारीचा खोटा परवाना

रणथंभोरच्या जंगलातल्या मछली वाघिणीवरचे माहितीपट माझ्या वडिलांनी किती वेळा पाहिले असतील, याची गणती नाही. ती 2016 मध्ये गेली तेव्हा अप्पा दोन दिवस गप्प गप्प होते. तिचा मुलूख असलेली तळी, पद्म तलाव, राजबाग, मलिक तलाव, एकदा डोळ्यांनी पाहायची एवढीच त्यांची इच्छा. म्हणून यंदा थंडीत आम्ही सहाजण रणथंभोरजवळच्या सवाई माधोपूरला गेलो.

सफारीचं बुकिंग मीच केलं होतं. मोबाइलवर शोधलं तर सगळ्यात वर जे पान आलं त्यावर वाघाचं चित्र होतं, अशोकस्तंभ होता. ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. लगेच फोन आला. "मॅडम, झोन तीन में एक ही जिप्सी बची है." बोलणं अगदी अदबीचं. जिप्सीचे 16,800 रुपये, वर 'किल्ला दर्शन परवाना' म्हणून माणशी 500. एकूण 19,800 रुपये मी एका खासगी माणसाच्या खात्यावर यूपीआयने पाठवले. सरकारी शुल्क असं कुणाच्या नावावर जात नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

पहाटे पावणेसहाला आम्ही शाली गुंडाळून हॉटेलच्या दारात उभे. साडेसहा वाजले तरी गाडी नाही, फोन बंद. रिक्षा करून वनखात्याच्या बुकिंग खिडकीवर गेलो. तिथल्या माणसाने आमचा कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "यात तुमच्या ओळखपत्रांचे नंबर कुठे आहेत?"

इथेच माझी चूक मला कळली. खरा परवाना प्रवाशाच्या नावावर निघतो. बुकिंग करतानाच प्रत्येकाच्या ओळखपत्राचा तपशील द्यावा लागतो आणि आत सोडताना तेच ओळखपत्र दाखवावं लागतं. फोनवरच्या त्या माणसाने फक्त 'कितीजण' एवढंच विचारलं होतं. जो तुमच्या ओळखपत्राचा नंबर न मागता जागा पक्की करतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का तेही बघा; नुसत्या अशोकस्तंभावर जाऊ नका.

आणि रणथंभोरच्या किल्ल्याचं तर सांगायलाच हवं. त्रिनेत्र गणेशाच्या दर्शनाला रोज कितीतरी माणसं किल्ला चढतात. त्यांना सफारीचा परवाना लागत नाही. त्या 'किल्ला दर्शन परवान्याचे' 3,000 रुपये निव्वळ लुबाडणूक होती.

1930 या सायबर मदत क्रमांकावर मी घरी परतल्यावर, चौथ्या दिवशी फोन केला. तोवर रक्कम पुढच्या खात्यांतून निघून गेली होती. हा फोन त्याच मिनिटाला, बुकिंग खिडकीसमोर उभं राहून करायला हवा होता. व्यवहाराचा क्रमांक माझ्या मोबाइलमध्येच तर होता.

त्या दिवशी सफारी मिळाली नाही. आम्ही किल्ला चढलो. 1301 मध्ये अलाउद्दीन खिलजीने हम्मीरदेव चौहानाकडून घेतलेला हा किल्ला 2013 पासून जागतिक वारसा यादीत आहे. अप्पांना पायऱ्या जड जात होत्या, दर वळणावर थांबत होते. वर तटापाशी पोचल्यावर खाली पद्म तलाव दिसला, काठावर जोगी महाल. अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.