स्पॅनिशचा अभ्यास विद्यापीठात: शब्दसिद्धी आधी की शब्दजाती?

स्पॅनिश बऱ्यापैकी वाचता-बोलता यायला लागली, विद्यापीठात ती मुख्य विषय म्हणून घेतली, आणि आता विषयांच्या यादीत दोन नावं शेजारी शेजारी दिसताहेत: शब्दसिद्धी आणि शब्दजाती. काही विद्यापीठं दोन्ही मिळून ‘मोर्फोलोखिआ’ (रूपविचार) असा एकच विषय लावतात. तिथे प्रश्नच मिटला. जिथे निवड करायची मुभा आहे तिथे बरेच जण शब्दसिद्धीकडे झुकतात. शब्दजाती काय, त्या तर शाळेतच झाल्या! नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि पुढची चार अव्ययं, सगळं तोंडपाठ. माझं मत नेमकं उलट आहे. दोन्हींत अवघड विषय शब्दजातींचा, आणि आधी घ्यावा तोच. पण बाजू शब्दसिद्धीची आधी मांडते, कारण तिची ओढ खोटी नाही.

शब्दसिद्धीत पहिल्या आठवड्यापासून हाती काहीतरी लागतं

मूळ शब्दाच्या मागेपुढे काही जोडून नवा शब्द कसा घडतो, एवढाच हा विषय. उपसर्ग, प्रत्यय, समास ही मंडळी आपल्या ओळखीची. ‘पान’ म्हणजे पाव, ‘-एरो’ म्हणजे ते काम करणारा, आणि पाव भाजणारा तो ‘पानादेरो’. मग मधला ‘-आद-’ कुठून आला? त्याला स्वतःचा अर्थ काही नाही, तो नुसता सांधा आहे, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. सगळ्यांना ते पटत नाही, आणि वर्गात पहिला वाद साधारण इथेच होतो.

‘रोखो’ म्हणजे लाल आणि ‘एनरोखेसेर’ म्हणजे लाल होणं. ‘एनरोखो’ असा शब्द नाही, ‘रोखेसेर’ असाही नाही. म्हणजे उपसर्ग आधी आणि प्रत्यय नंतर असं झालेलंच नाही, दोन्ही एका झटक्यात लागले. अशा शब्दांची स्पॅनिशमध्ये रेलचेल आहे: ‘आतार्देसेर’ (संध्याकाळ होणं), ‘आतेर्रिसार’ (विमानाने जमिनीवर उतरणं). एकदा ही रीत ओळखता आली की न पाहिलेल्या शब्दांचे अर्थही लागायला लागतात. शब्दसिद्धीचा हा रोकडा फायदा. वाचनाचा वेग खरोखर वाढतो.

‘प्वेर्ता’ म्हणजे दार, पण दारावरचा माणूस ‘पोर्तेरो’. ‘न्वेवो’ म्हणजे नवा, पण नावीन्य म्हणजे ‘नोवेदाद’. लॅटिनमधल्या ऱ्हस्व ‘ओ’वर आघात होता तिथे स्पॅनिशमध्ये ‘वे’ आला. प्रत्यय लागून आघात पुढे सरकला की ‘ओ’ जागेवर राहतो. नियम नीट बसतो, आणि लगेच ‘प्वेब्लो’चं (गाव) लघुत्वदर्शक रूप ‘प्वेब्लेसितो’ समोर येतं. तिथे आघात सरकला तरी ‘वे’ हललेला नाही. लघुत्वाचे प्रत्यय मूळ शब्दाला धक्का लावायला सहसा तयार नसतात, आणि का नसतात यावर एखादा तास सहज जातो.

दुसरी मजा अर्थाची. ‘-ओन’ हा मोठेपणा दाखवणारा प्रत्यय, म्हणून मोठ्या डोक्याचा तो ‘काबेसोन’. त्याच हिशोबाने ‘पेलोन’ म्हणजे भरपूर केसांचा असायला हवा, कारण ‘पेलो’ म्हणजे केस. पण ‘पेलोन’ म्हणजे टक्कल पडलेला! ‘-आसो’चंही तसंच: ‘गोलासो’ म्हणजे जबरदस्त गोल, पण ‘पोर्तासो’ म्हणजे मोठं दार नव्हे, तर दार धाडकन आपटणं.

माझं आवडतं उदाहरण ‘इनुतिलिसाब्ले’. ‘वापरता येण्याजोगा’ या अर्थाच्या ‘उतिलिसाब्ले’ला नकाराचा ‘इन-’ लावला तर अर्थ होतो ‘वापरता न येणारा’. पण ‘इनुतिल’ (निरुपयोगी) पासून आधी ‘इनुतिलिसार’ (निकामी करणं) केलं आणि शेवटी ‘-ब्ले’ जोडला, तर अर्थ होतो ‘निकामी करता येण्याजोगा’. अक्षरं तीच, घडण्याचा क्रम निराळा, अर्थ निराळा. परीक्षेत याच जातीचे प्रश्न येतात: शब्द द्यायचा आणि तो कुठल्या पायऱ्यांनी घडला ते मांडायला सांगायचं.

उणी बाजू दोन ठिकाणी. एक म्हणजे पाठांतर. जन्माला येणं यावरून ‘नासिमिएन्तो’ आणि निर्माण करणं यावरून ‘क्रेआसिओन’. एकाला ‘-मिएन्तो’ आणि दुसऱ्याला ‘-सिओन’ का, याचा पक्का नियम नाही. दुसरी अडचण जास्त खोल आहे. ‘बेन्ताना’ (खिडकी) हा शब्द इतिहासात ‘बिएन्तो’शी (वारा) जोडलेला आहे, पण आजचा स्पॅनिश माणूस खिडकी म्हणताना वाऱ्याचा विचार करत नाही. मग हा शब्द फोडायचा की अखंड धरायचा? एक प्राध्यापक फोडा म्हणतील, दुसरे गुण कापतील. वर्ग सुरू होताच आपले प्राध्यापक कुठल्या पंथाचे हे विचारून घेणं शहाणपणाचं.

शब्दजाती: मोजायलाच तीन तऱ्हा

आन्तोनिओ दे नेब्रिखाने 1492 साली स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं, त्यात शब्दांचे दहा वर्ग आहेत. आन्द्रेस बेयोने 1847 साली चिलीत छापलेल्या व्याकरणात सात मानले. स्पॅनिश अकादमीचं आणि इतर देशांतल्या अकादम्यांचं 2009चं संयुक्त व्याकरण नऊ धरतं. भाषा फार बदलली म्हणून हे आकडे हलले नाहीत, मोजपट्टी बदलली म्हणून हलले. नेब्रिखाने धातुसाधितांना वेगळी घरं दिली, पण केवलप्रयोगी शब्द क्रियाविशेषणांत घातले. बेयोने सर्वनामाला स्वतंत्र वर्ग म्हणून जागाच ठेवली नाही. त्याच्या मते ती एक तर नामं, नाही तर विशेषणं. 2009चं व्याकरण नऊ वर्ग मांडतं आणि वर सांगतं की दर्शक, संख्या-परिमाणवाचक, प्रश्नार्थक असे काही गट या वर्गांना आडवे छेदून जातात. ‘शाळेत झालं’ म्हणणाऱ्याला पहिला झटका इथे बसतो: शब्दजाती ही पाठ करायची यादी नाही, ती प्रत्येक वेळी सिद्ध करून दाखवायची गोष्ट आहे.

‘बाखो’ हा एक शब्द घ्या. ‘ओम्ब्रे बाखो’ म्हणजे बुटका माणूस, इथे तो विशेषण. ‘बाखो ला मेसा’ म्हणजे टेबलाखाली, इथे आपल्या शब्दयोगी अव्ययाचं काम करतो, फक्त नामाच्या आधी येऊन. ‘आब्लार बाखो’ म्हणजे हळू आवाजात बोलणं, म्हणजे क्रियाविशेषण. ‘एल बाखो’ हे नाम, आणि ‘यो बाखो’ म्हणजे मी उतरतो, चक्क क्रियापद. शब्दकोशात हे सगळं दिलेलं असतं, पण परीक्षेत शब्दकोशाचं उत्तर चालत नाही. कारण द्यावं लागतं: रूप बदलतं का, कशाच्या आधी येऊ शकतं, जागी दुसरं काय ठेवता येतं.

खरी कसोटी पुढे आहे. ‘एनेर्खिआ सोलार’ म्हणजे सौरऊर्जा. ‘सोलार’ विशेषणच, पण त्याच्याआधी ‘मुई’ (फार) लावून पाहा: चालत नाही. ऊर्जा कमी-जास्त सौर नसते. ‘एस्पान्योल’चं काय? स्पेनच्या राज्यघटनेला ‘फार स्पॅनिश’ म्हणता येत नाही, पण एखाद्याच्या वागण्याला म्हणता येतं. म्हणजे एकच विशेषण दोन प्रकारे वागतं, आणि कुठे कसं वागतंय हे वाक्यच ठरवतं.

आणि इथेच आपल्यासारख्यांची पंचाईत होते. या सगळ्या कसोट्या ‘असं म्हणता येतं का?’ या प्रश्नावर उभ्या आहेत. ज्याची मातृभाषा स्पॅनिश आहे त्याला कानच उत्तर देतो. आपल्याला कान उसना आणावा लागतो. ‘एस्ता मेदिओ कान्सादा’ (ती जरा दमली आहे) यात ‘मेदिओ’ क्रियाविशेषण आहे, म्हणून त्याने स्त्रीलिंगी व्हायला नको. पण लॅटिन अमेरिकेतल्या बोलण्यात ‘मेदिआ कान्सादा’ सर्रास ऐकू येतं. मग ते क्रियाविशेषण राहिलं का? अशा जागी मराठी कानावर विसंबून काम होत नाही, लेखी पुरावा शोधावा लागतो. शब्दसिद्धीत ही अडचण बरीच कमी: शब्द आहे की नाही, हे कोश सांगतो.

वेळ आणि साधनं

स्पेनमधल्या पदवीत असे विषय बहुधा 6 क्रेडिटचे असतात. एका क्रेडिटला 25 ते 30 तास धरतात, म्हणजे तास, वाचन, परीक्षा धरून 150 ते 180 तास. कागदावर दोन्ही विषय सारखेच. वाचायचा पसारा मात्र सारखा नाही: 2009च्या व्याकरणात शब्दसिद्धीला 7 प्रकरणं आहेत, शब्दजाती आणि त्यांच्या पदबंधांना 21. लिंग, वचन आणि क्रियापदाची रूपं यांची प्रकरणं वेगळीच, ती दोन्हीकडे लागतात.

पुराव्यासाठी अकादमीचा ‘कोर्पेस’ हा संग्रह दोन्ही विषयांत कामाला येतो. त्यात 2001पासूनचे मजकूर आहेत आणि शब्दाच्या जातीनुसारही शोधता येतं. प्रत्ययावरून शोधताना आलेली यादी थोडी चाळावी लागते: ‘-इतो’ टाकलं की लघुत्वदर्शक रूपांबरोबर ‘ग्रितो’ (ओरडणं) आणि ‘मितो’ही (पुराणकथा) येतात, त्यांचा लहानपणाशी काही संबंध नाही.

मग क्रम कसा लावायचा

शब्दसिद्धी आधी घेतली तर जागोजागी अडायला होतं, कारण जवळपास प्रत्येक प्रत्ययाची व्याख्याच शब्दजातीत असते. ‘-मेन्ते’ कशाला लागतो? विशेषणाच्या स्त्रीलिंगी रूपाला, आणि त्यातून होतं क्रियाविशेषण. ‘पाराग्वास’ (छत्री) म्हणजे ‘अडवतो’ आणि ‘पाणी’ यांचा समास: क्रियापद अधिक नाम. तरी सगळा मिळून होतो पुल्लिंगी नाम, आतलं ‘आग्वा’ स्त्रीलिंगी असूनही. हे घटक ओळखण्याची सवय नसेल तर शब्दसिद्धीची उत्तरं पोकळ राहतात. उलट दिशेने तितकं अडत नाही.

अपवाद आहेत. भाषांतराकडे किंवा भाषा शिकवण्याकडे जायचं असेल आणि दोन्हींपैकी एकच घेता येत असेल, तर शब्दसिद्धी घ्या. तिचा उपयोग दुसऱ्या दिवसापासून होतो. वाक्यरचना, कोशकार्य किंवा संगणकीय भाषाशास्त्र डोक्यात असेल तर शब्दजाती टाळणं परवडणारं नाही. आणि स्पॅनिश अजून कच्ची असेल, क्रियापदांच्या रूपांतच धाप लागत असेल, तर क्रम उलटा करायला हरकत नाही: शब्दसिद्धीने शब्दसंग्रह वाढू द्या, कसोट्यांसाठी कान नंतर तयार होईल.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचं गणित निराळं आहे. तिथे मी शब्दसिद्धीच सुचवेन, कारण विषय आटोक्यात राहतो: एक प्रत्यय, एक देश, एक कालखंड, ‘कोर्पेस’मधली उदाहरणं, झालं. शब्दजातींवर लिहायचंच असेल तर ‘क्रियाविशेषण’ असा अख्खा वर्ग हातात घेऊ नका, एकच शब्द घ्या. ‘सेगुन’ (अमक्याच्या मते) चांगला आहे: म्हणवतो शब्दयोगी, पण इतरांसारखी ‘मि’ (मला), ‘ति’ (तुला) ही स्पॅनिश रूपं न घेता पुढे ‘यो’ (मी), ‘तु’ (तू) घेतो, आणि कधी कधी अख्खं वाक्यच. मार्गदर्शकाकडे जाताना अशी पंधरावीस वाक्यं जमवून घेऊन जा.