सोनेरी डॉलर नाण्याचा रिव्ह्यू: व्हेंडिंग मशीनमध्ये एक नंबर, काउंटरवर कटकट

अमेरिकेत एक डॉलरचं नाणं पण असतं हे इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या कित्येक लोकांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहितीये त्यांच्याकडे ते ड्रॉवरमध्ये जुन्या सिमकार्डांच्या आणि सुटलेल्या बटणांच्या सोबतीला पडलेलं असतं. मी मात्र बँकेतून या नाण्यांचे रोल आणून मुद्दाम वापरते, त्यामुळे नवरा मला टकसाळ म्हणतो ते सोडा. ऑफिसच्या ब्रेकरूममधलं मशीन, ट्रेन स्टेशन, कार वॉश, हायवेवरचे थांबे, सगळीकडे टाकून बघितलंय, म्हणून हा रिव्ह्यू. नाण्याला ५ पैकी साडेतीन देते. मशीनपुरतं बोलायचं तर पाच, पण आयुष्यभर मशीनशीच थोडी व्यवहार करणारे आपण.

आधी नाणं कुठलं ते सांगते, कारण एकच नाहीये. मशीनमध्ये चालणारे डॉलर दोन रंगांचे. चंदेरी असेल तर ती सुझन अँथनी, बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढलेली, १९७९ ते १९८१ आणि मग एकदम १९९९ मध्ये काढलेलं नाणं. सोनेरी असेल तर २००० पासूनची सॅकाजविया, पाठीवर तान्हं बाळ बांधलेली शोशोनी जमातीची मुलगी, पश्चिमेचा प्रदेश धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेबरोबर गेलेली. किंवा २००७ पासूनचे राष्ट्राध्यक्ष, किंवा २००९ पासूनचे मागच्या बाजूला दरवर्षी नवीन चित्र असलेले नेटिव्ह अमेरिकन डॉलर, आणि २०१८ पासून प्रत्येक राज्यातल्या शोधांवरचे. चित्रं बदलतात पण माप सगळ्यांचं एकच, २६.५ मिलिमीटर रुंद आणि ८.१ ग्रॅम वजन. मशीनला चित्राशी काही घेणंदेणं नाही, तिला हे मापच लागतं.

आणि मापाइतकाच लागतो धातू. नाणं आत घसरत जाताना बाजूच्या कॉइल्समधून जातं, तिथे त्याची जाडी, रुंदी आणि विजेच्या दृष्टीने धातू कसा वागतो ते तपासलं जातं, आणि हे सगळं तुम्ही बोट बटणाकडे नेईपर्यंत झालेलं असतं. १९९७ मध्ये कायदा झाला की नवीन डॉलर सोनेरी पाहिजे आणि त्याची कड वेगळी पाहिजे, पण व्हेंडिंगवाल्यांची मशीन्स आधीच अँथनीवर सेट केलेली. ती सगळी बदलत बसायची म्हणजे केवढा खर्च. मग टकसाळीच्या लोकांनी आत तांबं ठेवून वरून मँगनीज घातलेल्या पितळेचा थर दिला, असा मिश्रधातू जुळवला की डोळ्याला सोनं दिसावं आणि मशीनला ती जुनी चंदेरी अँथनीच वाटावी. मला तरी हे भारी वाटतं. अख्खं नाणं डिझाइन करताना सगळ्यात खडूस गिऱ्हाईक कोण, तर कोकचं मशीन!

आता प्रत्यक्ष अनुभव. आमच्या ब्रेकरूममधल्या मशीनला नोट द्यायची म्हणजे एक विधी असतो. आधी मांडीवर घासून सरळ करा, कोपरे उलगडा, वॉशिंग्टनचं तोंड वर करा, आत सरकवा, मशीन झूंऽऽ करून ओढून घेणार, विचार करणार आणि जीभ काढावी तशी परत बाहेर काढणार, मागे दोन लोक उभे, त्यातला एक हमखास सांगणार की उलटी टाकून बघ. नाण्याचं तसं नाही. टाकलं, खट्‌ झालं, स्क्रीनवर १.०० आलं. ओलं असो, चार वर्षं पर्समध्ये घासलेलं असो, काही फरक नाही. पावसाळी दिवशी स्टेशनवर ओल्या हाताने नोट भरवून बघा एकदा, मग कळेल मी काय म्हणते ते.

क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, पण आहेतच की असं कोणीतरी म्हणणार. आहेत, पण वजन बघा. चार क्वार्टर मिळून जवळजवळ २३ ग्रॅम होतात, एक डॉलर नाणं ८. हल्ली सोड्याची बाटली दोन डॉलरच्या पुढे गेलीये, म्हणजे क्वार्टरने पैसे द्यायचे तर आठ-नऊ नाणी एकेक करून ढकलत बसा आणि त्यातलं एखादं खालच्या वाटीत परत पडलं की ते पुन्हा टाका. दोन सोनेरी आणि वर एखादं क्वार्टर, काम संपलं.

कार्डाने देणारे हसतील, हसू देत. बऱ्याच मशीनवर आता बारीक अक्षरात दोन किमती लिहिलेल्या असतात, रोखीची एक आणि कार्डाची एक, कार्डाला बहुतेक दहा सेंट जास्त. दहा सेंटने मी काही न्यू जर्सीतल्या एडिसनला बंगला बांधणार नाहीये, पण रोज उठून मशीनला दक्षिणा का द्यायची? शिवाय कार्ड रीडरचं नेटवर्क गेलं की अख्खा मजला उपाशी आणि मी चिप्स खातेय, हा आनंद दहा सेंटच्या वरचा आहे.

एक गंमत, ही बऱ्याच मशीनवर चालते, सगळ्या नाही. आत नाण्यांच्या नळ्या असतात, निकल (पाच सेंट), डाइम (दहा सेंट), क्वार्टरच्या, त्यातूनच सुट्टे परत येतात. डॉलरसाठी वेगळी नळी अनेक मशीनमध्ये ठेवलेलीच नसते, तो थेट खालच्या पेटीत जातो आणि पेटीत गेलेलं परत वर येत नाही. त्यामुळे डॉलर टाकून काहीच न घेता परतीचं बटण दाबलं तर तुमचा डॉलर येत नाही, चार क्वार्टर येतात. लाँड्रीसाठी मोड पाहिजे असेल तर कामाचं आहे. पण ‘एग्झॅक्ट चेंज’चा दिवा लागलेला असेल तर हा खेळ करू नका, नळ्या रिकाम्या असतात आणि मग तुम्हाला न आवडणारं काहीतरी विकत घ्यावं लागतं.

लाँड्रीचा विषय निघालाच आहे तर, तिथे हे नाणं बहुतेक वेळा कुचकामी. जुन्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये ती आडवी पट्टी असते ना, क्वार्टर उभे रचून आत ढकलायची, त्या खाचेत डॉलर मावतच नाही. एकेक नाणं टाकायच्या नव्या मशीनमध्ये कधी चालतं, कधी नाही, एक टाकून बघायचं. आणि काही व्हेंडिंग मशीन अशी की ज्यांच्या मालकाने सेटिंगमध्ये डॉलर बंदच ठेवलेला, नाणं वरून टाकलं की सरळ खाली वाटीत. तिथे निदान परत तरी येतं. हायवेवरच्या एका थांब्यावर मात्र मशीनने माझी दोन सोनेरी नाणी गिळली, स्क्रीनवर शून्य, वर लिहिलेल्या नंबरला फोन केला तर व्हॉइसमेल भरलेला. नाण्याचा दोष नाही हा, पण साडेतीनमध्ये त्याचाही थोडा वाटा धरा.

आता काउंटर. मशीनमध्ये जे एका सेकंदात होतं ते माणसासमोर दोन मिनिटांचं नाटक होतं. कॉलेजातला पोरगा असेल तर नाणं उलटंपालटं करून बघतो, मॅनेजरला हाक मारतो, मॅनेजर म्हणतो अरे हो, चालतं हे, मग गल्ल्यात ठेवायचं कुठे हा प्रश्न, कारण ड्रॉवरमध्ये पेनी, निकल, डाइम, क्वार्टरला कप्पे आहेत, डॉलरचा कप्पा पेपरक्लिपांनी भरलेला. चंदेरी अँथनी तर सरळ क्वार्टर समजून घेतात आणि वर पैसे मागतात. त्यात त्यांचीही चूक नाही, क्वार्टर २४ मिलिमीटरच्या जरा वर आणि हे साडेसव्वीस, रंग तोच, कडेला रेघा पण तशाच. लोक तेव्हा त्याला ‘कार्टर क्वार्टर’ म्हणायचे, कार्टर राष्ट्राध्यक्ष होते म्हणून. खरं तर ते नाणं अकरा कोनांचं करायचा विचार होता, म्हणजे बोटांना लगेच कळलं असतं, पण व्हेंडिंगवाले म्हणाले आमच्या मशीनमध्ये असलं चालणार नाही, मग बाहेरून गोल केलं आणि अकरा बाजूंची चौकट फक्त आत चित्राभोवती राहिली. हातात आलं तर निरखून बघा, आहे ती. मशीनची सोय बघताना माणसाची गैरसोय झाली ती अशी. त्याआधीचा १९७१ चा आयझेनहॉवर डॉलर उलट इतका मोठा, ३८ मिलिमीटरचा, की व्हेंडिंग मशीनमध्ये जाईचना, कॅसिनोतल्या मशीन्समध्येच काय तो चालला.

आपल्याकडे दहाच्या नाण्याचं झालं तसंच थोडं. ‘दहाचं नाणं चालत नाही’ म्हणणारा भाजीवाला आणि रिक्षावाला सगळ्यांना भेटलेला आहे, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये परत एकदा सांगितलं की चौदाही प्रकारची नाणी चालतात, तरी ऐकतंय कोण. सरकार म्हणतं चालतं, दुकानदार म्हणतो चालत नाही, आणि दुकानदार समोर उभा असतो.

पण इथे मूळ दुखणं वेगळंय, आणि ते मला अगदी सरळ दिसतं. अमेरिकेने डॉलरची नोट बंदच केली नाही. कॅनडाने १९८७ मध्ये डॉलरचं नाणं आणलं आणि १९८९ मध्ये नोट छापणं थांबवलं, संपला विषय, टोरंटोची माझी नणंद खिसाभर लूनी, म्हणजे तिथली डॉलरची नाणी, घेऊन फिरते आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही. ब्रिटनने पौंडाचं तसंच केलं. अमेरिकेत मात्र नवीन नाणं काढायचं, जाहिराती करायच्या, २००० मध्ये तर चेरिओज या नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यात घालून दिली, वॉलमार्टमधून वाटली, पण नोट शेजारीच ठेवायची. मऊ हलकी नोट मिळत असताना नाणं कोण मागून घेणार? २०११ मध्ये सरकारच्याच हिशेबतपासणी कार्यालयाने सांगितलं होतं की नोट काढून नाणं ठेवलं तर तीस वर्षांत साडेपाच अब्ज डॉलर वाचतील. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उपाध्यक्ष बायडन यांनी जाहीर केलं की नाणी वापरासाठी पाडणं बंद, कारण फेडच्या, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेच्या, तिजोऱ्यांत १ अब्ज ४० कोटी नाणी नुसती पडून होती. पुढे २०१९ मध्ये त्याच कार्यालयाने हिशेब उलटा मांडला, नोटा आता जास्त टिकतात, रोखीचा वापर कमी होतोय, नाण्याने उलट तोटाच होईल म्हणून. झालं.

मधे एक धमाल प्रकार झाला होता. टकसाळ लोकांना घरपोच, फुकट डिलिव्हरीत, दर्शनी किमतीला नाणी पाठवायची, का तर ती वापरात यावीत. लोकांनी क्रेडिट कार्डावर खोकीच्या खोकी मागवली, थेट बँकेत भरली, त्या पैशाने कार्डाचं बिल फेडलं आणि कार्डाच्या खरेदीवर मिळणारे विमानाचे माइल्स फुकटात कमावले. नाणी टकसाळीतून निघून बँकेत, वापर शून्य. २०११ च्या जुलैत कार्डावर देणं बंद केलं. मला आधी कळलं असतं तर दोन मुंबई ट्रिप निघाल्या असत्या.

जिथे हे नाणं खरंच सुखात आहे ती जागा म्हणजे इक्वाडोर. त्यांनी २००० मध्ये स्वतःचं चलन सोडून डॉलर घेतला आणि तिथे सॅकाजविया बाजारात, बसमध्ये रोज फिरते. इथे तुम्हाला ती न मागता मिळण्याची शक्यता जास्तीत जास्त तिकिटाच्या मशीनमध्ये. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या मशीनमध्ये वीसची नोट घातली की खाली खणखण करत सोनेरी डॉलर पडलेले अनेकांनी बघितलेत, न्यूयॉर्कची मेट्रोकार्डवाली मशीन्स पण सुट्टे असेच द्यायची. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं टोकन दिलं की काय.

आमच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी या नाण्याचा असा उपयोग काढला की मी बघतच राहिले. आहेराच्या पाकिटात पन्नास किंवा शंभर घालतो ना, वरच्या एकासाठी आम्ही इतकी वर्षं मळकी नोट कोंबत होतो. त्यांनी सोनेरी नाणं बाहेरून चिकटवलं, "हे बघ, लेकुरवाळी आहे, शुभ आहे." आता आमच्या ओळखीत बारसं असो की मुंज, लोक मला फोन करून विचारतात, वहिनी चार-पाच नाणी आहेत का हो. लक्ष्मीपूजनाच्या ताटात पण छान दिसतात, फक्त हळदीकुंकवाच्या हाताने फार हाताळली की काळपट पडतात, हे पितळ आहे, सोनं नव्हे.

कोणाला घ्यायची असतील तर टकसाळीच्या वेबसाइटवरून घेऊ नका, २०१२ पासून नवीन नाणी संग्राहकांसाठीच पाडतात आणि दर्शनी किमतीपेक्षा बरंच जास्त घेतात, पंचवीसचा रोल त्याहून महाग घेऊन मशीनमध्ये टाकणं म्हणजे वेडेपणा. आपल्या बँकेत जा, काउंटरवर नीट विचारा की डॉलर कॉइन्स आहेत का, पंचवीसचा रोल पंचवीसलाच मिळतो. छोट्या शाखेत नसतात, मग मागवतात किंवा नाही म्हणतात. महिन्याच्या सुरुवातीला गर्दीत विचारू नका, काउंटरवरचा माणूस वैतागतो. रोल घरी फोडला की चंदेरी अँथनी बाजूला काढा आणि त्या आधी मशीनमध्ये संपवा, काउंटरवर चुकूनही देऊ नका, सोनेरी तेवढी आहेरासाठी राखा.