कोकणची सुट्टी: आगाऊ आरक्षण की तत्काळ?

मे महिन्यात मुंबईहून कोकणात जायचे असेल, तर रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता खुले होते. नोव्हेंबर 2024 पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती, म्हणजे वाट पाहण्याचे सुखही निम्म्यावर आले. तरीही तिकीट हाती असले की रोजचे दिवस हलके होतात: लोकलच्या गर्दीत उभे असताना रत्नागिरीच्या अलीकडचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आठवतो, संध्याकाळच्या चहाबरोबर खिडकी कोणाला द्यायची यावर घरात चर्चा रंगते, आणि मांडवी एक्स्प्रेसमध्ये काय खायचे (खाण्यापिण्यासाठी ही गाडी उगाच प्रसिद्ध नाही) हेही ठरून जाते.

तत्काळमध्ये यातले काहीच नाही. आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांचे आरक्षण 10 वाजता आणि शयनयानाचे 11 वाजता सुरू होते, जादा आकार पडतो आणि निश्चित झालेले तिकीट रद्द केल्यास सहसा परतावा मिळत नाही. ज्यांची रजा ऐनवेळी मंजूर होते, त्यांना दुसरा इलाज नसतो हे मान्य. रजेची खात्री असलेल्यांनी मात्र आगाऊ आरक्षणच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.