वॉशिंग्टनचे ‘म्युझियम ऑफ द बायबल’: दुसऱ्या मजल्यासाठी जावे
नोव्हेंबर २०१७ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय भव्य आहे, पण वेळ कमी असेल तर थेट दुसऱ्या मजल्यावर जावे. बायबलने समाजाची नीती कशी घडवली, हा त्या मजल्याचा विषय असून, अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक हे दोघेही याच ग्रंथाचा आधार घेत होते, ही अडचणीची गोष्ट तेथे झाकलेली नाही. कॅरिबियन बेटांवरील गुलामांसाठी १८०७ मध्ये लंडनला छापलेली आणि २०१८ मध्ये येथे मांडलेली बायबलची प्रत तर याचा जळजळीत पुरावाच होती: इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेची कथा तिच्यातून वगळलेली, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हा उपदेश मात्र शाबूत. शास्त्रवचन हाच समाजनीतीचा मापदंड मानणाऱ्या ख्रिस्ती वाचकांनी, कात्री हाती असलेल्याच्या सोयीने तो कसा आखूड होतो, याचा विचार करण्यासाठी तरी येथे यावे. संस्थापकांचा इव्हॅन्जेलिकल (बायबलला अंतिम प्रमाण मानून धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा) कल काही दालनांत जाणवतो. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (त्या समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखितांचे) म्हणून मिळवलेले १६ तुकडे बनावट असल्याचे संग्रहालयाने २०२० मध्ये स्वतःच जाहीर केले, हे मात्र त्याच्या श्रेयाचे. दृकश्राव्य देखावे मला जरा भपकेबाज वाटले. जवळची स्मिथसोनियन संग्रहालये विनामूल्य असली, तरी येथे तिकीट पडते.