६५ इंची ‘पॅराबोलिक’ छत्री आणि दुकानदाराची टेप

पोर्ट्रेटसाठी मोठी अंब्रेला, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारी छत्री, घ्यायच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. मुंबईत फोर्टातल्या एका दुकानाने मला ६५ इंची डीप पॅराबोलिक (खोल वाटीसारखी) म्हणून जी छत्री दिली, ती पूर्ण उघडल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ५१ इंच भरते. दुकानाचं नाव देत नाही. हा प्रकार तिथेच चालतो असंही नाही, ऑनलाइन तर सर्रास चालतो.

दुकानात स्टँडवर एक छत्री उघडून ठेवलेली होती. आतून चंदेरी, बाहेरून काळी, १६ फायबर काड्यांची, ताणून बसलेलं कापड, कुठे सुरकुती नाही. आत एलईडी लाइट लावून त्यांनी पोऱ्याला समोर उभं केलं आणि मला कॅमेऱ्यातून बघायला लावलं. प्रकाश खरंच सुंदर होता. हातात मात्र आला बंद खोका. “सील तोडलं तर घ्यावीच लागेल हां साहेब, डेमो बघितलात ना?” मला संध्याकाळची साताऱ्याची गाडी पकडायची होती आणि हे बोलता बोलता त्यांनी काढून घेतलं होतं. बिलावर लिहिलं ‘फोटो ॲक्सेसरीज, १ नग’. मॉडेल नाही, माप नाही.

घरी खोका उघडला तर काड्या १०, दांडा हलका आणि खोली निम्मी. फोन केला तर उत्तर तयार होतं: “कापडावरून मोजा ना, ६५ च भरेल.” भरली! वक्रावरून टेप फिरवली की ६५ येतात. छत्र्या अशा मोजण्याची पद्धत आहे, बऱ्या कंपन्याही कधी कधी तसंच माप छापतात. पण मला दाखवलेली छत्री वेगळी होती, आणि तिचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. ६५ ऐवजी ५१ म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी. एकट्या माणसाचा नुसता चेहरा टिपायचा असेल तर हे चटकन कळतही नाही, म्हणून तर असा माल खपतो. सात-आठ जणांचं कुटुंब उभं करा. कडेची माणसं अंधारात जातात, म्हणून छत्री मागे न्यावी लागते. मागे नेली की ती समोरच्या माणसांच्या मानाने आणखी लहान होते आणि नाकाखालची सावली कडक पडते. मोठ्या छत्रीचे जे पैसे मोजले, ते नेमके हे टाळण्यासाठीच होते.

‘पॅराबोलिक’ या शब्दावरही विसंबू नका. खऱ्या पॅराबोलिक रिफ्लेक्टरमध्ये फ्लॅश दांड्यावरून आत-बाहेर सरकवून प्रकाशाचा झोत बदलता येतो. ब्रॉनकलर कंपनीचे ‘पॅरा’ रिफ्लेक्टर तसे आहेत, पण त्यांच्या किमती लाखांत जातात. काही हजारांत मिळते ती खोल छत्री. ती वाईट नसते, तशी एक मी आजही वापरतो. फक्त नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

याहून छुपी गोष्ट सोबत ‘फ्री’ दिलेल्या पांढऱ्या डिफ्यूझरची, म्हणजे प्रकाश मऊ करायला छत्रीच्या तोंडावर लावायच्या कापडाची. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोंत नऊवारीचा मोतिया रंग निळसर येऊ लागला, आणि व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा समतोल) सुधारला की त्वचा पिवळी पडायची. स्वस्त पांढऱ्या कापडात टिनोपालसारखी चमक आणणारी रसायनं असतात. ती अतिनील प्रकाशात निळसर उजळतात. फ्लॅशच्या नळीतून अतिनील प्रकाश निघतो, चांगल्या नळ्यांवर तो अडवणारा थर असतो. एलईडीत तो जवळपास नसतोच. डेमो एलईडीवर का दिला, ते तेव्हा लक्षात आलं. तुम्ही स्वतःचा फ्लॅश घेऊन जा. नाहीतर गल्ल्यावरचा नोटा तपासायचा दिवा मागा आणि त्याखाली कापड धरा. निळं लखलखलं तर ठेवून द्या.

माल बदलायला गेलो तर बिलाच्या तळाशी छापलेली ओळ दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही ओळ पाहून पुष्कळ जण मागे फिरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मालाचा दर्जा खोटा सांगणं हीसुद्धा. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता किंवा एमआरपी काहीच नव्हतं, आणि तेही बंद खोक्यावर असावंच लागतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. डेमोचा फोटो, खोक्याच्या चारही बाजू, उघडलेल्या छत्रीवर आडवी धरलेली टेप आणि बिल, सगळं जोडलं. त्यानंतर दुकानातून फोन आला, आवाज एकदम मऊ. आधी क्रेडिट नोट देऊ केली, म्हणजे त्यांच्याकडचाच दुसरा माल घ्या. ती नाकारली. शेवटी यूपीआयने पैसे आले, ‘पॅकिंग’चे ५०० कापून. त्या ५०० साठी तक्रार अजून उघडी ठेवली आहे.

आता छत्री घेताना मी बिलावर काड्यांची संख्या आणि ‘उघडल्यावर व्यास’ लिहून घेतो. दांडाही मोजतो, कारण बऱ्याच छत्र्यांचा दांडा ८ मिलिमीटरचा असतो आणि एलिनक्रोम कंपनीच्या बऱ्याच फ्लॅशना ७ चा लागतो. लिहून द्यायला कां-कूं केली, तर शेजारचं दुकान उघडंच असतं.